मुळशीचं पुस्तक आणि जायकवाडीचा आकडा

'पेट' पास होऊन विषय शोधत बसलेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला सारखा येतो. "धरणावर काम करायचंय, आधी काय वाचू?" विचारणारा मराठवाड्यातला असेल तर त्याच्या डोक्यात धरण म्हणजे जायकवाडी असतं, हे न सांगताही कळतं. मी मात्र त्याला पुणे जिल्ह्यातल्या धरणावरचं पुस्तक सांगतो: राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं. मराठीत ते आधी आलं. नंतर इंग्रजीत २००९ मध्ये आलेल्या ग्रंथाच्या नावातच 'जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन' असा दावा आहे.

मुळशीचं पुस्तक वाचून जायकवाडीवर काम कसं करायचं? ही पोस्ट त्यासाठी आहे. हे पुस्तक मला चांगलं वाटतं आणि तरीही अपुरं वाटतं. यातली दोन्ही वाक्यं महत्त्वाची आहेत. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे "अमुक यांनी तमुक सांगितलं" अशी यादी नव्हे. पुस्तक आपल्याला कुठपर्यंत नेतं आणि कुठे सोडतं, हे सांगता आलं पाहिजे.

पुस्तक काय सांगतं

घटना थोडक्यात अशी. टाटांच्या वीज कंपनीने मुळशी खोऱ्यात, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, धरण बांधायचं ठरवलं. पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला सोडायचं, वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची. पन्नासच्या वर गावं बाधित होणार होती. शेतकऱ्यांना नीट विचारण्याआधीच शेतात चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. पुण्याचे पुढारी आले: न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' केलं. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावून जमीन कंपनीला मिळवून दिली. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, हत्यार वापरलं, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं.

एवढं कुणीही सांगेल. व्होरांचं काम याच्या पुढचं आहे. ते विचारतात, 'शेतकऱ्यांचा लढा' म्हणजे नेमका कुणाचा? मुळशीच्या जमिनीवर कष्ट मावळ्यांचे होते. पण बरीचशी जमीन कर्जापोटी सावकारांकडे गेलेली होती, आणि त्यातले पुष्कळ सावकार पुण्याचे होते. जमीन बुडणार म्हटल्यावर सावकाराचं आणि कुळाचं दुःख एकसारखं राहत नाही. सावकाराला भाव चांगला मिळाला की त्याचा प्रश्न सुटतो. कुळाला भाव मिळतच नाही, कारण कागदावर तो मालक नाही. म्हणून सत्याग्रहाच्या आतच दोन मागण्या उभ्या राहिल्या: एक "धरण नको", दुसरी "मोबदला वाढवा". दुसरी मागणी हळूहळू पहिलीला खाऊन टाकते. पुढाऱ्यांमध्येही तशीच फूट पडते. ज्यांची चूल बुडणार होती, त्यांच्या हातातून लढा कसा निसटत गेला, हे व्होरांनी दाखवलेलं आहे.

मला हे फार मोलाचं वाटतं. एरवी धरणाच्या इतिहासात दोनच पात्रं असतात: सरकार आणि 'जनता'. हे पुस्तक जनता नावाचं गाठोडं सोडतं. तुमच्या संशोधन आराखड्यात 'स्थानिक लोक' असा शब्द आला असेल, तर हे पुस्तक वाचून तो खोडा आणि त्या जागी मालक, कूळ, सावकार, शेतमजूर, बलुतेदार, भोई असे वेगवेगळे शब्द लिहा. निम्मा आराखडा आपोआप सुधारेल.

'पहिलं' या शब्दाला अटी लावा

आता पहिली तक्रार, शीर्षकाबद्दल. 'जगातलं पहिलं' असं कुणी म्हटलं की संशोधकाने लगेच विचारावं: कोणत्या व्याख्येत पहिलं? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हेच हेची दरीत सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी द्यायला धरण बांधायचं ठरलं, तेव्हा जॉन म्युर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं जाहीर विरोध केला. १९१३ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून धरणाला परवानगी दिली. म्हणजे मुळशीच्या आठ वर्षं आधीच धरणविरोधी मोहीम लढली गेली आणि हरलीही होती.

मग व्होरांचा दावा खोटा ठरतो का? नाही. तो अटी लावून घ्यावा लागतो. हेच हेचीचं भांडण निसर्गसौंदर्य आणि राष्ट्रीय उद्यान वाचवण्याचं होतं. मुळशीत नांगर धरणारी माणसं स्वतःची जमीन वाचवायला सत्याग्रहाला बसली. 'ज्यांची जमीन बुडणार त्यांनीच उभं केलेलं संघटित धरणविरोधी आंदोलन' अशी व्याख्या केली तर मुळशीचा क्रम खूप वर लागतो. पण ही व्याख्या शीर्षकात मावत नाही. प्रकाशकाचं शीर्षक आणि संशोधकाचं विधान यांत हा फरक असतो. तुमच्या प्रबंधात 'पहिलं', 'सर्वांत मोठं', 'एकमेव' हे शब्द येतील तिथे शेजारी अट लिहा. तोंडी परीक्षेत प्रश्न तिथूनच येतो.

लढा झाला तिथेच कागद सापडतो

दुसरी तक्रार जास्त खोल आहे, आणि ती एकट्या व्होरांची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. मुळशीचा इतिहास लिहिता आला, कारण तिथे सत्याग्रह झाला. सत्याग्रह झाला म्हणून वर्तमानपत्रांनी लिहिलं, पोलिसांनी नोंदी ठेवल्या, सरकारने पत्रव्यवहार केला, कोर्टात खटले चालले, गांधींनी 'यंग इंडिया'त मजकूर लिहिला, भुस्कुट्यांनी पुस्तक लिहिलं. लढ्याने कागद तयार केला आणि कागदाने इतिहास.

मग जिथे नावाजलेला सत्याग्रह झाला नाही, पुण्याचे पुढारी आले नाहीत, तिथल्या बुडालेल्या माणसांचं काय? त्यांचा कागद म्हणजे फक्त सरकारी कागद: निवाडा, सातबारा, गाव नमुने, प्रकल्प अहवाल. त्या कागदांत माणूस गट नंबर म्हणून येतो. आपण लढ्यांचेच इतिहास वाचत राहिलो, तर नकळत असं समजून बसतो की लढा नाही तिथे दुःखही नव्हतं. मुळशीची चौकट जायकवाडीवर जशीच्या तशी ठेवली की हीच चूक होते.

आता जायकवाडी: आधी आकडे

मी विज्ञान शाखेचा असल्यामुळे आकड्यांपासून सुरुवात करतो. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आणि मृतसाठा सुमारे २६ टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर.) मातीचं धरण, लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, २७ दरवाजे. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. पूर्ण भरल्यावर नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो.

पाठ्यपुस्तकात हे सगळे आकडे वेगवेगळे पडून असतात. एकाला दुसऱ्याने भागून बघा. २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी ३५० चौरस किलोमीटरवर पसरलं तर सरासरी खोली येते जेमतेम ८.३ मीटर. कोयनेचा मूळ एकूण साठा जवळपास तेवढाच, सुमारे २,८०० दशलक्ष घनमीटर. पण शिवसागराचं क्षेत्र सुमारे ११५ चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी खोली २४ मीटरच्या वर. जवळपास तेवढंच पाणी साठवायला जायकवाडीने कोयनेच्या तिप्पट जमीन घेतली.

कारण भूगोलात आहे. कोयना सह्याद्रीच्या चिंचोळ्या दरीत आहे. गोदावरी मात्र पैठणजवळ पसरट मैदानातून वाहते. अशा जागी बांध घातला की पाणी वर चढत नाही, आडवं पसरतं. आणि आडवं पसरतं ते काळ्या कसदार जमिनीवर, नदीकाठच्या जुन्या गावांवर. बाधित गावांची संख्या शंभराच्या वर गेली ती यामुळे. पैठण आणि गंगापूरबरोबर पलीकडच्या काठाचे नेवासा आणि शेवगावही त्यात आले. 'किती विस्थापित' हा आकडा सामाजिक वाटतो, पण त्याचं मूळ समतल रेषांच्या नकाशात असतं. सामाजिक शास्त्रांतल्या मित्रांनो, तो नकाशा वाचायला शिका. विज्ञानवाल्यांनो, तुम्ही नकाशावर थांबू नका.

उथळपणाचा आणखी एक परिणाम होतो. उथळ धरणात पाणी थोडं खाली गेलं तरी काठावरची बरीच जमीन उघडी पडते. तिथे लोक पेरणी करतात. त्याला गाळपेर म्हणतात. म्हणजे बुडालेली जमीन दरवर्षी थोडीशी परत येते, काही महिन्यांसाठी, आणि ती कुणी कसायची यावर नवा वाद सुरू होतो. 'बुडीत क्षेत्र' हा शब्द कागदावर एकदाच लिहिला जातो. प्रत्यक्षात ते क्षेत्र दर उन्हाळ्यात आपली हद्द बदलत असतं.

ज्या धरणाची मागणी आपणच केली

मुळशीत बाजू ठरवणं सोपं होतं. एका बाजूला परकं सरकार आणि कंपनी, दुसऱ्या बाजूला मावळा. वीज जाणार होती दूर मुंबईला. व्होरा या चित्राच्या आतले पदर दाखवतात, पण चित्राची चौकट तीच राहते.

जायकवाडीत ती चौकट मोडते. हे धरण मराठवाड्याने मागून घेतलं. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पश्चिम महाराष्ट्रात तोवर धरणं, कालवे आणि साखर कारखाने होते. प्रवरेवर भंडारदरा १९२६ मध्येच पूर्ण झालं होतं. मराठवाड्याकडे गोदावरी होती, पण तिच्यावर मोठं धरण नव्हतं. तेव्हा गोदावरीचं पाणी अडवणं हा सिंचनाइतकाच मानाचाही प्रश्न बनला. जायकवाडी हे नाव बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं. मूळ प्रस्ताव तिथला होता, धरण वर पैठणला सरकलं आणि नाव मात्र तेच राहिलं. शंकरराव चव्हाणांनी पाटबंधारे खातं सांभाळताना हा प्रकल्प लावून धरला. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं.

या दोन तारखांकडे नीट बघा. पायाभरणी झाली तेव्हा पाकिस्तानशी युद्धबंदी होऊन महिनाही पूर्ण झाला नव्हता. उद्घाटन झालं तेव्हा देशात आणीबाणी होती आणि राज्याचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप असताना धरण राष्ट्राला अर्पण झालं. त्या दिवसाच्या बातम्या वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. टीका दिसत नाही याचा अर्थ टीका नव्हती, असा घेता येत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा, म्हणजे उद्घाटनाच्याच वर्षातला. ज्यांची गावं त्याआधी उठली, त्यांच्यासाठी तो कायदा उशिरा आला. पुढे तो १९८६ आणि १९९९ मध्ये नव्याने केला गेला. त्यातलं एक तत्त्व मला फार महत्त्वाचं वाटतं. लाभक्षेत्रात ज्यांना पाणी मिळणार, त्यांच्याकडची ठरावीक मर्यादेवरची काही जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यायची. म्हणजे ज्याला पाणी मिळालं तो आणि ज्याची जमीन गेली तो, या दोघांमध्ये देणं-घेणं आहे, हे कायद्याने मान्य केलं. मुळशीत असं नातंच नव्हतं. मुंबईच्या गिरणीमालकाने मावळ्याला शेत द्यावं, असं १९२१ मध्ये कुणाच्या मनातही आलं नसतं. जायकवाडीत लाभार्थी आणि विस्थापित दोघेही शेतकरी, बऱ्याचदा एकाच भाषेतले, एकाच जिल्ह्यातले. म्हणून इथे खलनायक शोधत बसलं तर संशोधन पुढे सरकत नाही.

दोन राजूर

व्होरांचा इतिहास १९२४ ला संपतो, कारण लढा तेव्हा संपला. जायकवाडीचं राजकारण मात्र धरण बांधून झाल्यावर जास्त पेटलं. हा तिसरा फरक.

महाराष्ट्रात दोन प्रसिद्ध राजूर आहेत. एक आमचं, जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं, गणपतीचं. दुसरं अकोले तालुक्यातलं, प्रवरेच्या खोऱ्यात, भंडारदरा आणि निळवंडे धरणांच्या परिसरातलं. त्या राजूरजवळचं पाणी प्रवरेतून गोदावरीला आणि तिथून नाथसागराला येतं. वरची धरणं भरली की जायकवाडी रिकामं राहायची शक्यता वाढते. म्हणून २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातली समन्यायी वाटपाची तरतूद, मेंढेगिरी समितीचा अहवाल, प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश आणि मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल अशी मालिका झाली. या आदेशाने घालून दिलेला नियम साधारण असा: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. ७६.६५ टीएमसीचे ६५ टक्के म्हणजे जवळपास ५० टीएमसी. या एका आकड्यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांची दर दुष्काळी वर्षी समोरासमोर गाठ पडते.

आमच्याकडे या वेळी "हक्काचं पाणी" हा शब्द चालतो. मला तो शब्द मान्य आहे. नदीच्या वरच्या अंगाला राहतो म्हणून सगळं पाणी त्याचं, हे न्यायाचं नाही. पण दोन गोष्टी त्याच्या शेजारी ठेवाव्या लागतात.

पहिली म्हणजे, 'आमचं' यातले 'आम्ही' कोण? डावा कालवा जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडून जातो. भोकरदन आणि जाफराबादला तो येत नाही. आमच्या तालुक्याचं पावसाचं पाणी पूर्णेला मिळतं आणि ती गोदावरीला मिळते जायकवाडीच्या पुष्कळ खाली. तरीही पाणी सोडण्याचं आंदोलन झालं की राजूरच्या चौकातही घोषणा होते. प्रादेशिक अस्मिता लाभक्षेत्राच्या नकाशापेक्षा मोठी असते. ती कशी तयार होते, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

दुसरी म्हणजे, हक्काचं पाणी ज्या जमिनीवर उभं आहे, ती कुणाच्या तरी हक्काची होती. अकोल्याच्या राजूरकडेही भंडारदरा आणि निळवंडे यांच्यापायी बुडालेल्या शेतांची आठवण आहे. म्हणजे वरच्या आणि खालच्या भांडणात दोन्हीकडे विस्थापित आहेत आणि दोन्हीकडे त्यांचा आवाज लाभार्थ्यांच्या आवाजाखाली दबलेला आहे. मुळशीत सावकाराच्या मागणीने कुळाची मागणी झाकली, असं व्होरांनी दाखवलं. जायकवाडीत टीएमसीच्या भांडणाने विस्थापिताचा प्रश्न झाकला, असं मला वाटतं. इथे व्होरांची चौकट पुन्हा कामाला येते. त्यांची गोष्ट सोडून द्यावी लागते, पण त्यांनी विचारलेला प्रश्न उचलून आणता येतो: या मागणीच्या आत नेमकं कोण बोलतंय?

कादंबरी का वाचावी

एक पुस्तक आणखी सुचवतो, आणि ते संशोधनाचं नाही. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'. १९९१ ची कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. काही गाइड कादंबरीला 'सोर्स' मानत नाहीत. पुरावा म्हणून मीही मानत नाही. पात्राच्या तोंडचं वाक्य प्रबंधात तथ्य म्हणून घालू नका. पण प्रश्न सुचवायला ही कादंबरी पुष्कळ अहवालांपेक्षा कामाची आहे. अहवालात पुनर्वसन ही एक तारीख असते: अमुक रोजी अमुक कुटुंबांना भूखंड दिले. कादंबरीत पुनर्वसन हा काळ असतो, वर्षानुवर्षं चालणारा, दाखल्यांचा, हेलपाट्यांचा, नव्या गावातल्या परकेपणाचा. व्होरा गाव उठेपर्यंतचा इतिहास देतात, पाटील गाव उठल्यानंतरचा काळ दाखवतात. जायकवाडीवर काम करणाऱ्याला दोन्ही लागतात.

कादंबरीबद्दल माझी तक्रार उलट्या बाजूची आहे. तिथे व्यवस्था इतकी एकजात निर्दय दिसते की लाभक्षेत्रातला साधा कोरडवाहू शेतकरी, ज्याच्या घरी कालव्यामुळे पहिल्यांदा रब्बीचा गहू आला, तो नजरेआड होतो. त्याचा आनंद खरा होता. तो खरा होता म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

मग विषय कसा मांडायचा

"जायकवाडी प्रकल्पाचा मराठवाड्याच्या विकासावर झालेला परिणाम: एक अभ्यास" असा विषय कृपा करून घेऊ नका. त्याचं उत्तर शीर्षकातच ठरलेलं असतं. त्यापेक्षा लहान आणि टोकदार प्रश्न घ्या. एकाच उठलेल्या गावातले जमीनमालक, कूळ आणि भूमिहीन नंतर कुठे गेले, आणि त्यांच्या वाटा कुठे फुटल्या? गाळपेर जमीन कोण कसतं आणि कोणत्या हक्काने? लाभक्षेत्रात ज्यांची जमीन पुनर्वसनासाठी गेली, ते आणि नवे आलेले यांचे संबंध दोन पिढ्यांत कसे बदलले? विज्ञानवाल्यांसाठी: पाण्याची पातळी आणि उघडी पडणारी जमीन यांचा उपग्रह चित्रांवरून नकाशा काढा आणि तो घेऊन गावात जा. लोक त्या नकाशावर बोट ठेवून जे सांगतील, ते चित्रात दिसणार नाही.

इथे घाई आहे, आणि ती फेलोशिपच्या मुदतीची नाही. १९७० मध्ये जो वीस वर्षांचा होता, ज्याने बैलगाडीत घराचे वासे भरले, तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मुळशीच्या माणसांचं म्हणणं निदान वर्तमानपत्रांत आणि खटल्यांच्या कागदांत कुठेतरी उमटलं. नाथसागराच्या माणसांचं बरंचसं म्हणणं अजून त्यांच्याच तोंडी आहे. निवाड्याची फाइल दहा वर्षांनीही अभिलेख कक्षात मिळेल. ही माणसं तेवढा वेळ थांबतील असं नाही.

तेव्हा सुरुवात व्होरांपासूनच करा, पण पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी मुलाखतीला जा. रेकॉर्डरची बॅटरी बघा, संमतीचा कागद मराठीत करून न्या, आणि पहिला प्रश्न "किती एकर गेली?" असा विचारू नका. तो आकडा निवाड्यात आहे. त्यांच्या शेताला गावात काय नाव होतं ते विचारा. ते कोणत्याच अहवालात सापडणार नाही.